न तुटलेला दोरा

ऐका तर. उंच गवताचा एक माळ होता. कुठे होता ते मला विचारू नका, ज्यानं मला ही गोष्ट सांगितली त्यालाही ते नीट सांगता आलं नाही. पण माळ होता एवढं खरं, आणि त्यावर चरणारी गुरं अर्धी रानटी होती हेही खरं. शिंगं तर ही अशी! पायी त्यांच्या मागं जायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तिथले गुराखी घोड्यावर बसून गुरं राखायचे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, घोड्यावर बसलं की झालं. छे हो! कळपातून एकच गाय वेगळी काढायची, ती पळाली की तिला गाठायचं, कुंपणाशी आडवं जाऊन वळवायचं, पुन्हा पळाली की पुन्हा वळवायचं, आणि हे सगळं एका हातात लगाम धरून, कारण दुसऱ्या हातात दोर असतो. असा घोडा काय झाडाला लागतो? पहिली काही वर्षं त्याच्या तोंडात काही घालायचंच नाही. नाकावर नुसती दोराची मोरकी. पुढं मोरकी तशीच ठेवून तोंडात लगामाचं लोखंड द्यायचं, पण ते ओढायचं नाही, नुसतं जिभेवर राहू द्यायचं. आणि अगदी शेवटी मोरकी उतरवायची. यात घाई केली, हिसके दिले, की घोड्याचं तोंड बिघडतं. मग तो माणसाचा हात दिसला तरी बिचकतो.

या माळावर हैबती नावाचा एक तरुण गुराखी राहायचा. नाव हैबती, पण हैबत म्हणाल तर चिमूटभरसुद्धा नाही. भारी गोंधळलेला माणूस. पुढ्यात दोन चपला असल्या तर आधी उजवी घालू की डावी, यावर उभ्या उभ्या विचार करायचा. जेवायला बसला की आधी भाजीला हात लावू की आमटीला, तोवर भाकरी गार. लोक हसायचे, तोही हसायचा, आणि आपण नक्की कशाला हसलो याचा विचार करत घरी जायचा.

पण एका बाबतीत त्याचा कधी गोंधळ झाला नाही. ती म्हणजे त्याची घोडी, साळुंकी. शिंगरू होती तेव्हापासून त्यानंच तिला शिकवलं होतं. पावसात तिच्या पाठीवर स्वतःची घोंगडी टाकून स्वतः भिजायचा असला हा येडा माणूस. आणि तीही अशी, की त्याची चाहूल लागली की चारा सोडून मान वर करायची.

आता खरी अडचण ऐका. माळावरचे सगळे घोडे वस्तीच्या मालकीचे. जो स्वार दोऱ्याच्या परीक्षेत पास होईल, त्याला त्याचा घोडा कायमचा मिळायचा. परीक्षा कसली, तर लगामाची चामडी वादी तोंडातल्या लोखंडाच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना नेहमीसारखी बांधायची नाही, कच्च्या सुतानं बांधायची. तसंच दौडायचं, तशीच गाय वळवायची. जरा कुठं हिसका बसला की सूत तटकन तुटायचं. शेवटपर्यंत दोरा शाबूत राहिला तर घोडा तुमचा. पहिल्यांदा तुटला तर पुढल्या वर्षी पुन्हा या. पण दुसऱ्यांदाही तुटला, तर घोडा दुसऱ्याच्या हाती. वस्तीची रीतच तशी होती.

हैबतीचा दोरा मागल्या वर्षी तुटला होता. यंदाही तुटला तर साळुंकी जाणार.

त्यामुळं गवत पिवळं पडू लागलं तशी या माणसाची झोप उडाली. त्यानं विचार केला, हा दोरा मुळात असतो कशासाठी? ते कळलं तर तो कसा टिकवायचा तेही कळेल. विचार बरा होता. पण उत्तर द्यायला माणसं ही अशी!

येसूतात्या म्हणाले, “स्वाराचा हात किती हलका आहे ते बघायला. एवढंही ठाऊक नाही तुला?”

भिकूमामा म्हणाले, “तात्याला काय कळतंय! अरे, दृष्ट लागू नये म्हणून असतो तो. सूत पांढरं का असतं मग?”

तिसरा एक म्हातारा खाटेवरूनच ओरडला, “दोघंही थापा मारताहेत. पूर्वी चामडं मिळायची मारामार होती. सुतावर भागवायचे. पुढं चामडं आलं, पण सुताची सवय राहिली!”

हैबती आणखीच चक्रावला. शेवटी तो चिमाकाकूंकडं गेला. चिमाकाकू म्हणजे वस्तीच्या कारभारीण. परीक्षेचा निकाल त्याच द्यायच्या.

“काकू, दोरा कशासाठी असतो?”

“कशासाठी म्हणजे? परीक्षेसाठी.” काकू खोगिराला टाका घालत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

“पण परीक्षा कशाची?”

“दोऱ्याची. हैबती, माझं डोकं नको खाऊस. जा, घोडी फिरव जा.”

घ्या! दोरा परीक्षेसाठी आणि परीक्षा दोऱ्याची. बिचारा माळावर जाऊन बसला आणि त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. दोरा जर दृष्टीसाठी असेल, तर तो पक्का असला काय नि कच्चा असला काय, दृष्टीला काय फरक पडतो? दोरा जर नुसत्या सवयीनं राहिलेला असेल, तर मग प्रश्नच मिटला. आणि तात्या म्हणतात तसा हाताची परीक्षा बघायला असेल, तर माझा हात हलका आहेच की! घोडी शिकवली कुणी? मीच ना? मग एका भिकार सुतामुळं माझी घोडी का जावी?

बघा, गोंधळलेला माणूस कसा असतो. सगळीकडं गोंधळतो, आणि पाहिजे तिथं मात्र त्याचं डोकं बरोबर चालतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साळुंकीला खरारा करता करता हैबतीनं तिच्या शेपटीचे काही लांब केस काढून घेतले. ते पीळ देऊन एकत्र केले, वर मेण चोळलं आणि त्यावर पांढरं सूत गुंडाळलं. घोड्याच्या शेपटीचा केस किती चिवट असतो, ओढून बघा कधीतरी. बोट कापेल पण केस तुटायचा नाही. वरून बघणाऱ्याला काय दिसणार? कच्चं सूत. त्यानं त्याच दोऱ्यानं वादी बांधली. मनाला म्हणाला, “दोरा बांधायला सांगितलाय, मी दोरा बांधलाय. आत काय आहे, कुणी विचारलंय का?”

मैदानावर सगळी वस्ती जमली होती. पहिली उतरली सगुणा. ही मुलगी हैबतीच्याच वयाची, तांबड्या घोड्यावर बसायची. पहिलीच खेप तिची. तिनं घोडा गोल फिरवला, भरधाव सोडून जागच्या जागी थांबवला, सगळं झकास. मग गाय सोडली. गाय कुंपणाच्या कडेनं सुसाट निघाली, सगुणानं तिला गाठलं, वळवायला गेली आणि तटकन दोरा तुटला. सगुणाचा हात तसाच हवेत. ती खाली उतरली, घोड्याच्या मानेत तोंड खुपसून रडली. लोक म्हणाले, “पुढल्या वर्षी गं, पुढल्या वर्षी!” आणि पुढचा स्वार कोण ते बघू लागले.

पुढं आणखी काहीजण झाले. काहींचे दोरे टिकले, काहींचे तुटले. मग हैबतीचं नाव पुकारलं.

साळुंकी काय सुरेख चालली म्हणून सांगू! गोल, मग उलट गोल, मग चौखूर दौड आणि एकदम थांबणं. धुळीचा लोट पुढं गेला, घोडी मागं राहिली. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग गाय सोडली. काळी, उंच, डोळे नुसते लाल. कुंपण धरून ती पळाली, साळुंकी तिच्या बरोबरीला आली. आता वळवायचं. आणि हैबतीनं लगाम ओढला. चांगला ओढला. मागल्या वर्षी याच जागी भीतीनं त्याचा हात आधी थबकला होता, मग हिसका बसून दोरा तुटला होता. यंदा भीती कसली? दोरा काही तुटणार नव्हता. साळुंकीनं तोंड उघडलं, मान वर फेकली, पण वळली. गाय थांबली, उलटी पळाली. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा वळली. तिसऱ्या खेपेला गाय पार दमली आणि मैदानाच्या मधोमध मुकाट उभी राहिली.

आरडाओरडा काय विचारता! चिमाकाकू उठून आल्या, दोन्ही बाजूंचे दोरे हातानं चाचपले. “शाबूत आहेत! हैबती, साळुंकी तुझी झाली रे!” भिकूमामांनी तर त्याला खांद्यावरच घ्यायचा बेत केला होता, पण त्यांचं वय आडवं आलं.

हैबती उडी मारून उतरला आणि साळुंकीच्या गळ्यात पडायला गेला. साळुंकीनं मान मागं घेतली.

त्याला वाटलं, गर्दीला भ्याली. पुन्हा पुढं झाला. ती पुन्हा मागं. आणि मग त्याला दिसलं, तिच्या तोंडाचा फेस पांढरा नव्हता. गुलाबी होता. ओठाचा कोपरा फाटून जिभेपर्यंत रक्त आलं होतं.

कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं. सगळे दोऱ्याकडं बघत होते. बाहीनं एकदा पुसलं असतं की झालं. घोडी त्याची, कायमची. हैबती तसाच उभा राहिला. पुसू? सांगू? सांगितलं तर घोडी जाणार. पुसलं तर कुणाला कळणारही नाही. त्यानं बाही वर उचलली. आणि साळुंकीनं, जी त्याच्या चाहुलीनं चारा सोडायची तिनं, त्याचा हात वर आलेला बघून डोळे मिटून घेतले.

हैबतीनं हात खाली घेतला. तो रडतच ओरडला, “काकू, थांबा! हा दोरा खोटा आहे. आत केस आहे, मेण आहे. हिचं तोंड फाडलं मी. बघा हो, काय करून बसलो मी हे!”

झालं! मैदानावर एकच गोंधळ. येसूतात्या म्हणाले, “नापास!” भिकूमामा म्हणाले, “नापास कसा? दोरा तुटलाय का? रीत काय सांगते, दोरा तुटला तर नापास!” “अहो पण तो दोराच नाही!” “वरून सूतच आहे की!” खाटेवरचा म्हातारा चामडं किती महाग होतं ते पुन्हा सांगू लागला. आजवर असं कधी घडलंच नव्हतं. दोरा टिकलाय आणि स्वार रडतोय, याला काय म्हणायचं?

चिमाकाकूही गडबडल्या. पण त्या साळुंकीच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग एकाएकी म्हणाल्या, “ज्यांचे दोरे तुटले, त्यांचे घोडे आणा इकडं.”

घोडे आणले. काकूंनी एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. सगुणाचा तांबडा सर्वांत आधी. ओठ, जीभ, हिरड्या, सगळं स्वच्छ. दुसऱ्याचंही स्वच्छ. सगळ्यांचंच.

काकू म्हणाल्या, “अगं बाई! इतकी वर्षं निकाल देतेय, आणि मला वाटायचं हा दोरा स्वाराला नापास करायला आहे. हा तर घोड्याला वाचवायला आहे. हिसका बसला की आपण तुटायचं, म्हणजे तोंड तुटत नाही.” मग त्या हैबतीकडं वळल्या. आवाज कडक नव्हता, पण हलणाराही नव्हता. “बाबा, तू खरं बोललास, ते बरं केलंस. पण घोडी तुला नाही. हिचं तोंड बरं व्हायला दिवस लागतील, आणि हात हलका पाहिजे. सगुणा, तुझा हात चुकला तेव्हा दोरा तुटला, घोड्याचं तोंड नाही; हिला तू ने. मोरकीपासून पुन्हा सुरू कर.”

हैबती पुढं झाला. त्यानं स्वतःच्या हातानं केसाचा दोरा कापला, लोखंड हळूच काढलं, मोरकी चढवली आणि दोर सगुणाच्या हाती दिला. हे करताना त्याचा एकदाही गोंधळ झाला नाही.

सगुणा बिचारी अवघडून गेली. “अरे, पण मला तर हिची काहीच माहिती नाही. ही ऐकेल का माझं?”

“ऐकेल,” हैबती म्हणाला. “पण डावीकडं वळवायची असली तर हात हलवूच नकोस. आपण नुसतं डावीकडं बघायचं. तिला पाठीवर कळतं. आपोआप वळते.”

सगुणा दोन पावलं गेली आणि वळली. “हे तुला ठाऊक होतं? मग आज ओढलंस कशाला रे?”

हैबतीनं साळुंकीकडं पाहिलं. ती सगुणाच्या मागं निघालीसुद्धा होती.

“दोरा तुटणार नाही, हे ठाऊक होतं ना,” तो म्हणाला.

आता तात्पर्य. लहानांना ते लागतं, मोठ्यांना तर फारच लागतं, तेव्हा घ्या: आपली चूक झाली की जे तटकन तुटतं, ते कच्चं आहे म्हणून पक्कं करायला जाऊ नये; ते तुटेनासं झालं, की आपला हिसका थेट आपल्या जिवलगाला बसतो.