घोड्याचं शेपूट

साचे आणि सुऱ्या एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. डोंगरावरच्या एका गावात फिलोमिनाबाई चॉकलेटं करायच्या. त्यांच्याकडे घोड्याचा एक साचा होता, भारी उतावळा. मागच्या खेपेला त्याचा घोडा शेपूट मोडून बाहेर आला होता. आज बाई म्हणाल्या, "आता मोडलं, तर बाबा तू भंगारात."

बाईंनी चॉकलेट ओतलं, साचा गार जागी ठेवला आणि त्या भांडी विसळायला गेल्या. साच्याला धीर कुठला! "निघ की रे घोड्या! बाई आल्या की दाखवू!"

"थांब रे, अजून मी पुरता थिजलो नाही," आतून घोडा म्हणाला.

शेजारची सुरी पुढे सरसावली. "मी टोक घालून उचकटते की! चुटकीसरशी!"

साचा हुरळला. पण त्याला रोज पुसणारं जुनं मलमलचं फडकं म्हणालं, "लेकरा, सुरीचा ओरखडा जन्मभर राहतो, आणि ओरखड्यात चॉकलेट चिकटतं. गारव्यानं घोडा आपोआप आक्रसेल, कडा सोडेल. तू नुसता गप बस."

साचा कसाबसा गप बसला. हळूहळू त्याला कडेकडेनं गुदगुल्या झाल्या. गार वारा आत शिरत होता! तेवढ्यात बाई आल्या, त्यांनी साचा पालथा करून एक टिचकी मारली. टप्! घोडा ताटात, शेपटासकट, चकाकत!

"अगं बाई, काय देखणा!" म्हणत बाईंनी लगेच दुसरा घोडा ओतला.

"या खेपेला तरी मी येऊ?" सुरीनं विचारलं.

"सुरीताई," साचा कुजबुजला, "हळू बोल गं. घोडा निजलाय."