सहा हंसांची संख्या

एका राज्यात पाण्याचा दगड झाला. राजा धर्मकेतूने दीर्घतुंड मांत्रिकाला राजसरोवर द्यायचं नाकारलं, तेव्हा मांत्रिकाने मूठभर राख पाण्यावर फेकली. उठलेली लाट उठल्या जागी थिजली. मधोमध आत तोंडं करून रिंगणात तरंगणारे सहा हंस पाषाणाचे झाले, आणि एकेकाच्या छातीवर एकेक अंक उमटला. एक, चार, दोन, आठ, पाच, सात.

"ही संख्या दुप्पट करा, मग तिप्पट, मग सातपट," मांत्रिक म्हणाला. "पण याच सहा हंसांत. नवा आणायचा नाही, बसलेल्याला हात लावायचा नाही. चुकेल तो शिळा होईल."

विहिरी आटल्या. गुरं हंबरून हंबरून गप्प झाली. थोरला राजपुत्र कीर्तिध्वज गेला. दुप्पट त्याने अचूक काढली, पण हंस हलवल्यावाचून ती मांडायची कशी? त्याने एका हंसाला कवेत धरून उचलू पाहिलं, आणि तसाच, कवेतल्या हंसासकट, शिळा होऊन राहिला.

मग धाकटी इंदुलेखा उठली.

राजा म्हणाला, "बाळ, मला आता तू एकटीच उरलीस."

"तात, प्रजेला तर एक ओंजळही उरली नाही."

ती दगडी लाटांवरून चालत गेली. भावाच्या गार गालाला तिने हात लावला, डोळे पुसले आणि खाली बसून धुळीत बोटाने गणित मांडलं. दुप्पट आली दोन लक्ष पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. तिचं बोट थबकलं. तेच सहा अंक! परका एक नाही, वगळलेला एक नाही. तिने पुन्हा रिंगणाकडे पाहिलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. क्रमसुद्धा तोच होता. सुरुवात तेवढी दुसरीकडून.

ती चालत दोनच्या हंसापुढे उभी राहिली. "इथून वाचा."

हंसाची दगडी चोच उघडली. "दुप्पट झाली. तिप्पट?"

इंदुलेखाने मनात गुणलं, चारच्या हंसापुढे गेली. "इथून."

"तिप्पट झाली. सातपट?"

तिने गुणलं. नऊ लक्ष नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. सहाही नऊ! आणि रिंगणात नऊ तर एकही नाही.

ती एकच्या हंसापाशी येऊन उभी राहिली. उत्तराला उशीर होऊ लागला, तसा गारठा पायांत चढू लागला. घोटे दगडाचे झाले, मग गुडघे. हलता येईना, तशी ती हंस पाहतो तिकडे पाहू लागली. एकच्या हंसाची नजर सरळ समोर, आठच्या हंसावर होती. एक आणि आठ. तिने मान वळवली. चार पाहत होता पाचकडे. दोन पाहत होता सातकडे.

"हंसहो," ती म्हणाली, "समोरच्याला आपल्यात मिळवा. तुम्ही प्रत्येक जण नऊ आहात."

सहा दगडी माना एकदम लवल्या. सरोवर तडकलं, लाट अर्ध्यावर थांबली होती तिथून पुढे पडली. कीर्तिध्वजाच्या कवेतला हंस फडफडला, आणि राजपुत्र गटांगळ्या खात बहिणीचं नाव घेऊ लागला.

मोकळ्या झालेल्या पायांनी इंदुलेखा भावाला घेऊन काठाशी आली, तिथे दीर्घतुंड उभा होता. "तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तुम्ही हंस बांधलेत, पण ही संख्या तुम्ही घडवली नाहीत."

 मांत्रिकाने राखेची झोळी पाण्यात सोडली. "नाही," तो म्हणाला. "मलाही ती सापडलीच होती." आणि राज्याबाहेर निघून गेला.

राजाने लेकीला विचारलं, "मग घडवली कोणी?"

इंदुलेखाने नुसते हात जोडले. तिला जसे अंक पावले, तसे ते तुम्हांआम्हांला पावोत.