पहिली शीट

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगची पहिली शीट कोणाचीही पास करायची नाही, असा देवस्थळी सरांचा शिरस्ता होता. शीट उलगडायची, लाल फुली मारायची आणि “पुन्हा काढा” म्हणायचं. सबमिशनच्या शेवटच्या दिवशी पुन्हा काढायला कोणाकडेच वेळ नव्हता. उदगीरची शर्वरी बिडवे मात्र दोन शीट घेऊन आली.

“दोन कशाला?” सरांनी विचारलं.

“पहिलीवर फुली मीच मारून आणलीय, सर. तुम्ही दुसरी तपासा.”

सरांनी पहिली उलगडली. लाल फुली सोडली तर कागद कोरा होता.

“यावर ड्रॉइंग कुठंय?”

“पहिली शीट तुम्ही बघतच नाही, सर. म्हणून काढलं नाही.”

सरांनी दुसरी शीट उलगडली. त्या वर्षी पहिल्यांदाच सरांनी चष्मा लावला आणि पट्टी मागितली.