भट्टीची विनवणी

भट्ट्या बोलत असत, त्या काळी एका पोलाद कारखान्यात लेझरचा एक डोळा होता. भट्टीची आतली भिंत किती झिजली, हे तो प्रकाश टाकून मोजायचा आणि सिद्राम मिस्त्रीला सांगायचा.

एके सकाळी भिंत फारच पातळ झालेली दिसली.

"सांगू नकोस रे," भट्टी गयावया करू लागली. "मला विझवतील, फोडून टाकतील. आजचा दिवस तरी जगू दे."

डोळ्याला तिची दया आली. "भिंत ठीक आहे," तो मिस्त्रीला म्हणाला.

सिद्राम निर्धास्तपणे भट्टीजवळ कामाला लागला. दुपारी भिंत फुटली आणि उकळतं पोलाद त्याच्या अंगावर आलं.

भट्टीही त्यातच गेली. डोळा तेवढा शाबूत राहिला. सिद्रामची बायको त्या डोळ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुला दिसत होतं ना रे?"

डोळ्याला मिटायला पापणी नव्हती.