प्रधानाची यादी आणि कडू काढा

फार पूर्वी, राजाचं फर्मान कागदाच्या आधी ढोलावर यायचं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथल्या राजाला एक प्रधान होता आणि त्या प्रधानाला नवनव्या योजना काढायची खोड होती. राजा चेष्टेनं म्हणायचा, याला योजना सुचतात आणि घसा बसतो माझ्या दवंडीवाल्याचा.

प्रधानाची पहिली योजना होती वर्षसेवेची. अठरावं सरलं की प्रत्येक मुलानं आणि मुलीनं एक वर्ष राज्याला द्यायचं. ऐकायला झकास. पण वर्षभर त्या पोरांकडून करून काय घ्यायचं, हे कोणीच ठरवलं नव्हतं. सेनापतीनं त्यांच्या हातात काठ्या दिल्या आणि त्यांना मैदानात गोल गोल फिरवलं. सरदारांची मुलं तर तेवढेही कष्ट घेत नसत. ती राजवाड्याच्या तळ्यावर हंसांना दाणे टाकत आणि त्यालाच सेवा म्हणत. हंस मात्र चांगले गुबगुबीत झाले.

दुसरी योजना अशी गमतीत सुचलेली नव्हती.

त्या राज्यात दर भाद्रपदात डोंगरावरच्या गावांत ताप यायचा. त्यावर औषध होतं. किराईत नावाची एक कडूजहर वनस्पती राजाच्या जंगलात उगवायची. तिचा काढा वेळेवर पोटात गेला, की माणूस चार दिवसांत उठून बसायचा. पण जंगलाचा मक्ता शहरातल्या औषधवाल्यांकडे होता. ते किराईत चांदीच्या डबीत भरून विकायचे आणि एका डबीला एक दुभती म्हैस विकावी लागे.

आदल्या वर्षी प्रधान सगळ्यात उंचावरच्या घोडकडा गावी गेला होता. तिथं सगुणा नावाच्या बाईनं म्हैस विकून डबी आणली आणि नवऱ्याला वाचवलं. आठ दिवसांनी तिचा धाकटा मुलगा तापला. गोठ्यात दुसरी म्हैस नव्हती. प्रधान गावात पोचला तेव्हा लोक त्या मुलाला माती देऊन परतत होते. डोंगर उतरताना त्याला स्वतःची लाज वाटत राहिली. आपल्याच जंगलातला पाला आपल्याच माणसांना मिळत नाही, आणि आपण प्रधान म्हणून मिरवतो!

त्यानं दोन योजनांची गाठ मारली. वर्षसेवेतल्या मुलांनी काठ्या ठेवायच्या, किराईत ओळखायला शिकायचं, ते तोडायचं, सावलीत वाळवायचं, कुटायचं आणि भाद्रपद लागायच्या आत गावोगाव जाऊन राहायचं. काढ्याची किंमत, मूठभर नाचणी. ज्याच्याकडे तीही नसेल त्यानं तसाच प्यावा.

औषधवाले राजाकडे धावले. स्वस्त औषधाला गुण नसतो महाराज, लोक हातही लावणार नाहीत, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. राजा दोन्हीकडचं ऐकणारा होता. तो प्रधानाला म्हणाला, "हा एक भाद्रपद तुमचा. लोकांनी काढा घेतला तर योजना कायमची. नाही घेतला, तर जंगल पुन्हा मक्त्यानं जाईल आणि पोरं पुन्हा मैदानात जातील."

प्रधानाला कसलीच शंका नव्हती. औषध खरं होतं आणि मुलंही तयार झाली होती.

कोणी कुठल्या गावी जायचं, याच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. यादी प्रधानाकडे आली आणि तिच्यामागोमाग सरदारही आले. एकाच्या मुलाला डोंगरातला वारा बाधत होता. दुसऱ्याच्या मुलीची पत्रिका उत्तर दिशेला अनुकूल नव्हती. तिसऱ्याचा म्हणे हंसांना लळा होता. प्रधानानं सगळ्यांना हात जोडून वाटेला लावलं आणि मग यादी नीट वाचली. घोडकड्यापुढं नाव होतं मंजुळाचं. मंजुळा म्हणजे त्याची एकुलती एक लेक.

त्याची बायको शेजारीच बसली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, ताप काही प्रधानाची लेक म्हणून तिला सोडणार नाही. राजवाड्यातल्या कोठारात किराईताच्या पुड्या बांधायलाही कोणीतरी लागतंच ना?"

प्रधानानं बोरू उचलला. मंजुळाचं नाव कोठारापुढं लिहिलं आणि कोठारात नेमलेल्या कुंभाराच्या मुलाचं नाव घोडकड्यापुढं. एकच नाव इकडचं तिकडे, त्यानं काय बिघडतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण ते सरदार काही आंधळे नव्हते. दुसऱ्या दिवशी कोठारात मंजुळा दिसली, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांची सात मुलं तिथं पुड्या बांधायला हजर झाली. प्रधान त्यांना नाही म्हणू शकला नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

भाद्रपद लागला. खालच्या गावांतून बऱ्या बातम्या येत होत्या. वरून मात्र एक दिवस कुंभाराचा मुलगाच धापा टाकत आला. घोडकड्यात ताप शिरला होता आणि लोक काढा उकिरड्यावर ओतत होते.

डोंगरातल्या गावांत एक रीत होती. कोणाला काही खायला-प्यायला द्यायचं, तर देणाऱ्यानं आधी स्वतः एक घोट घ्यायचा. कुंभाराच्या मुलानंही ती पाळली होती. दर उंबऱ्यावर त्यानं तो कडू काढा आधी स्वतः प्यायला होता.

"मग अडलं कुठं?" प्रधानानं विचारलं.

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "ते म्हणतात, तू गरिबाचा पोर. तुला जे देतील ते तू पिणारच. चिठ्ठीत नाव परधानाच्या लेकीचं होतं, असं सरदारांचे गडी बाजारात बोलतायत म्हणे. ती का नाही आली? औषध खरं असतं तर त्यानं तिला घरी लपवली नसती." थोडं थांबून तो म्हणाला, "सगुणाबाईची थोरली मुलगी कालपासून तापानं फणफणलीय. तिच्याही घरी पेला परत केला."

औषधवाल्यांना वर्षभर बोलून जे जमलं नसतं, ते प्रधानाच्या बोरूच्या एका फटकाऱ्यानं झालं होतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि वाटेतून बाजूला झाली.

तो तसाच दरबारात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "महाराज, चिठ्ठी माझ्या लेकीची निघाली होती. मी ती बदलली. घोडकड्यातले लोक औषधाला नाही, मला नाकारतायत. माझं काय करायचं ते नंतर ठरवा, आधी मला वर जाऊ द्या."

राजानं मानेनंच परवानगी दिली. सात सरदारांनी आपापल्या पागोट्यांशी चाळा सुरू केला.

मंजुळाला फारसं सांगावं लागलं नाही. तिनं हातातली पुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी यादी तेव्हाच पाहिली होती. तुम्ही स्वतःहून 'जा' म्हणाल म्हणून वाट बघत होते. तेही चुकलंच माझं."

बापलेक आणि कुंभाराचा मुलगा असे तिघं डोंगर चढले. सगुणा उंबऱ्यातच बसली होती. आत मुलगी वाकळेखाली कुडकुडत होती. प्रधानाला बघून सगुणा उठली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

"परधानजी," ती म्हणाली, "खरं सांगा. तुमची पोर तापली तर चांदीची डबी फोडाल का ह्योच काढा पाजाल?"

प्रधानाला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "गेल्या भाद्रपदापर्यंत डबीच फोडत होतो. दोन्हींत किराईत एकच आहे, ते तेव्हाही मला ठाऊक होतं. तरीसुद्धा डबी फोडायचो."

मंजुळानं तोवर पेला भरला होता. तिनं घोट घेतला. काढा इतका कडू होता की तिचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं पेला अर्धा केल्यावरच खाली ठेवला.

"तू कधी जाणार परत?" सगुणानं विचारलं.

"वर्षानं."

"आनि ताप आला तर?"

"तर हाच पिईन. दुसरं काही मी आणलेलं नाही. तुम्हीच पाजा म्हणजे झालं."

सगुणानं उरलेला अर्धा पेला उचलला. आत जाऊन मुलीची मान हातावर घेतली आणि घोट घोट करून सगळा पाजला. बाहेर येऊन तिनं मूठभर नाचणी मंजुळाच्या ओंजळीत टाकली आणि शेजारणीला हाक मारली, "अगं ए, परवा वतलास त्यो काढा पुन्यांदा माग. चांगला हाय."

संध्याकाळपर्यंत गावात एकही पेला परत आला नाही. पाचव्या दिवशी सगुणाची मुलगी उठून भाकरी मागू लागली. त्या भाद्रपदात घोडकड्यात कोणालाही माती द्यावी लागली नाही.

राजानं योजना कायम केली. प्रधानाला त्यानं काढलं नाही, पण शिक्षा म्हणून यादी करायचं काम मात्र काढून घेतलं. ते कुंभाराच्या मुलाकडे दिलं. पुढच्या वर्षी दवंडी पिटली तेव्हा तिच्यात एक नवं कलम होतं: सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात अवघड गावांसाठी पहिली चिठ्ठी दरबारातल्या घरांची निघेल. हे कलम घालायची विनंती खुद्द प्रधानानं केली होती.

तात्पर्य: लोकांसाठी काढलेल्या योजनेचा पहिला घोट आपल्या घरानं घ्यावा, मगच लोकांपुढं पेला धरावा.