कोळवईच्या रेमेतची विचारपूस

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आज जे म्हातारे डोळे मिटून ही गोष्ट सांगतात त्यांचे आजेसुद्धा नागडे फिरत होते तेव्हा, वसईच्या किनाऱ्याला कोळवई गावात रेमेत नावाची बाई होती. मिठागरात कामाला जायची. टाचा मिठाने फाटलेल्या आणि नजर तिखट. तिने हाक मारली की भरती थांबायची, असं म्हणतात. भरतीचं समुद्राला माहीत. माणसं मात्र थांबायची.

गावात सांत मिगेलचं देऊळ होतं आणि देवळाचं एक खांदेकरी मंडळ होतं. मंडळात बारा जण, सगळे संसारी, कुणी पाद्री नाही. पाद्रीने मिस्सेची प्रार्थना म्हणायची, मंडळाने मयत उचलायचं. लाल झगे त्यांचे, मयत वाहून न्यायची गावाची एकुलती एक शवपेटी त्यांच्या ताब्यात, कबरस्तानाच्या फाटकाची किल्ली त्यांच्या कमरेला. बाप्तिस्मा झालेलं कुणीही माणूस खांद्यावाचून जाऊ नये, एवढ्याचसाठी जुन्या लोकांनी मंडळ काढलं होतं. पण पुढच्या म्हाताऱ्यांनी त्यात विचारपूस घुसवली. मयताच्या ओट्यावर ऐसपैस बसायचं आणि घरच्यांना तीन प्रश्न विचारायचे. पास्काच्या सणाला पापकबुली केली होती का? कुणाशी अबोला होता का? भगताकडे गेला होता का? उत्तर पटलं तर पेटी, नाहीतर राम राम. त्यामुळे गावात जो तो दुसऱ्याकडे तिरका बघायचा. हा माझं काय काय मंडळाच्या कानात घालेल?

अशात रेमेतचा नवरा बस्त्याव गेला. पोर तापाने फणफणलं म्हणून त्याने ते पाठीवर घालून भगताकडे नेलं होतं. पोर उठलं, बाप झोपला. पेद्रू आजा, मंडळाचा मुख्य, ओट्यावर येऊन बसला.

"भगताकडे गेला होता?"

"गेला होता. पोर वाचलं."

आजाने झगा झटकला. "मग भगतालाच बोलव खांद्याला."

रेमेत देवळात गेली. पाद्री म्हणाला, "बाय, मयताचं मंडळ बघतं. मी त्यात पडत नाही." ती मंडळाकडे आली. मंडळ म्हणालं, "आम्ही साधी माणसं. पाद्रीबाबांनी सांगितलं तर आत्ता नेतो." ती पुन्हा देवळात, पुन्हा मंडळाकडे. दुसऱ्या फेरीत तिच्या ध्यानात आलं की हे दोघे एकमेकांच्या आड मजेत लपलेत, आणि उन्हात पडलाय तो तिचा बस्त्याव.

तिने घराचं दार बिजागरीतून काढलं. मिठागरातल्या तीन बायांना हाक मारली, बस्त्यावला दारावर निजवलं आणि चौघींनी दार डोक्यावर घेतलं, रोज मिठाच्या पाट्या घेतात तसं. दार पिसासारखं हलकं झालं होतं, असं म्हणतात. हलकं कसलं? त्या तिघींतल्या मोनीची मान जन्मभर वाकडी राहिली.

फाटकाला कुलूप. पुढे बाराही झगे उभे. बायांनी दार खाली टेकवलं.

"चालती हो," पेद्रू आजा म्हणाला.

"जाते. आधी तुमची विचारपूस होऊ दे. आजा, पास्काला पापकबुली केलीत?"

"मला विचारणारी तू कोण गं?"

"मयताला विचारता, ते बिचारं बोलत नाही. तुम्हाला तर तोंड आहे."

"केली!"

"बरं. फरसूकाकाशी बोलता?"

फरसूही झगा घालून शेजारीच उभा होता. एका ताडावरून दोघांत सहा वर्षं अबोला होता. फरसूने ताडाकडे बघावं तसं आभाळाकडे बघितलं. मोनी फिस्सकन हसली.

"आता भगत," रेमेत म्हणाली. "भगताच्या झोपडीला वाट एकच, मिठागराच्या बांधावरून. आणि बांधावर मी बारा वर्षं आहे."

एवढंच. नाव कुणाचंच घेतलं नाही. डावीकडून उजवीकडे एकेकाचं तोंड न्याहाळत गेली. बाराजणांना घाम फुटला, आणि तो लाल झग्यांवर वाळून मीठ झाला, असं म्हणतात. प्रत्येकाला वाटलं, हिने मला पाहिलंय. मग प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघायला लागला, म्हणजे हासुद्धा?

तेवढ्यात फाटक आपोआप उघडलं, असं म्हणतात. म्हाताऱ्यांना हे फार आवडतं. आपोआप उघडलं म्हटलं की बंद कुणी केलं होतं ते सांगावं लागत नाही. मोनीच्या घरातल्या बाया वेगळं सांगतात. फरसूने पेद्रूच्या कमरेची किल्ली हिसकावली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला, "सर बाजूला."

झगे खांदा द्यायला पुढे धावले. पाद्रीही तीर्थाचं पाणी घेऊन धापा टाकत आला. रेमेतने पाद्रीला येऊ दिलं. झग्यांना म्हणाली, "आता हात लावू नका." बस्त्यावला चौघींनीच आत नेलं.

पुढे रेमेत जगली तोवर बाराही जण एकेकटे येऊन गोड बोलत विचारायचे, "पोरी, बांधावर तू नक्की कुणाला पाहिलंस?" तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आजही कोळवईत कुणी गेलं की घरचं माणूस मंडळाकडे जात नाही. मंडळच येतं. झगे घालून, अनवाणी, अंगणात उभं राहतं, ओट्यावर पाय ठेवत नाही. घरातली थोरली बाई दारात येते आणि विचारते, "नेणार?" याला रेमेतचा सवाल म्हणतात. मंडळाने "नेतो" म्हणायचं, वर एक अक्षर नाही. म्हातारे सांगतात, ही आमच्या मंडळाची शिस्त. असेल. पण "नेतो" म्हणताना बाराही जण जमिनीकडे बघत असतात.