उपरण्याखालचा हात

एकदा एका ड्रायव्हरच्या मनाने असे घेतले, की ट्रक विकणाऱ्यांना आपल्या मनातले ऐकू येते.

जोतिराम त्याचे नाव. बरीच वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्याने थोडी पुंजी जमवली होती आणि आता स्वतःचा नवा ट्रक घ्यायचा होता. फार तर किती द्यायचे, तो आकडा त्याने मनाशी ठरवला होता. बायकोलाही सांगितला नव्हता. तेवढे दिले, तर पहिल्या खेपेच्या डिझेललाही काही उरले नसते. एखादा महिना भाडे मिळाले नाही, की हप्ता चुकणार आणि फायनान्सवाले गाडी ओढून नेणार. सोबतच्या एकाचा ट्रक तसाच गेलेला त्याने पाहिला होता. तेव्हा सौदा त्या आकड्याच्या बराच खाली व्हायला हवा होता.

तो तीन शोरूम फिरला. एकाने भाव चढा सांगितला, दुसऱ्याने मवाळ, तिसऱ्याने तर आल्याआल्याच सूट जाहीर केली. पण घासाघीस संपली की तिन्ही ठिकाणी भाव येऊन थांबला तो त्याच्या मनातल्या आकड्यावर. तिसऱ्या शोरूमच्या शेठने तो हसत हसत उच्चारला, तेव्हा जोतिरामच्या अंगावर काटा आला.

गावाबाहेर बैलबाजाराच्या माळावर एक म्हातारा हेडी राहत असे. जनावरांच्या व्यापारात त्याची हयात गेलेली. जोतिराम त्याला गुरू मानायचा. त्या दिवशी बाजार नव्हता. माळभर नुसते खुंट उभे होते, आणि जनावर एकही नसताना रिकामी दावी हलत होती.

"आबा, कुणीतरी बाहेरचं काही केलंय," जोतिराम म्हणाला. "माझ्या मनातलं त्यांना ऐकू जातंय."

"त्यांनी पहिलं काय विचारलं तुला?"

"महिन्याला किती झेपेल, म्हणून."

"आणि तू सांगितलंस?"

"सांगितलं. हातात रोख किती तेही सांगितलं."

"मग त्याला भूत कशाला लागतंय रे, शहाण्या? पुढचं गणित त्यांचा शिपाईसुद्धा करतो. तू गाडीची किंमत विचारायला गेलास आणि स्वतःची सांगून आलास."

जोतिरामला हायसे वाटले. पण म्हातारा पुढे म्हणाला, "आता त्यांच्या मनातलं ऐकायचं. पितृपक्षात जाऊ."

"पितृपक्षात नवी गाडी? घरात उभं करतील का मला?"

"गाडी नाही आणायची. भाव आणायचा."

आता हेडी लोकांची एक रीत सांगायला हवी. जनावराचा भाव ते तोंडाने करत नसत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात धरत आणि बोटे दाबून आकडा सांगत. भोवतीच्या लोकांपासून भाव झाकावा म्हणून ही रीत, असे आपण समजतो. ह्या म्हाताऱ्याला मात्र उपरण्याखाली आकड्याहून जास्त काही कळत असे. एकदा म्हणे एका बैलवाल्याचा हात धरताक्षणी तो उठून गेला. "बैल ह्याचा नाही," एवढेच म्हणाला. पुढे बैल चोरीचा निघाला. तेव्हापासून लोक त्याच्याशी सौदा करायला जरा कचरत.

पितृपक्षात दोघे त्या तिसऱ्या शोरूमला गेले. आत चिटपाखरू नव्हते. कापडाने झाकलेले ट्रक ओळीने उभे होते, आणि चालताना दोघांच्या पावलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा घुमत होता. शेठ एकटाच बसला होता. म्हाताऱ्याने टेबलावर उपरणे पसरले.

शेठ खो खो हसला. "आबा, इथं बैल नाहीत हो. ह्या गाडीला शिंगं कुठायत?"

"आहेत की शेठ. तुमच्या भावाच्या कागदावर आहेत."

गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी आलेले गिऱ्हाईक. शेठने गंमत म्हणून उपरण्याखाली हात घातला. म्हाताऱ्याने जोतिरामला खुणावले, "तू धर." मग कागद डोळ्यांजवळ नेऊन तो एकेक बाब सावकाश वाचू लागला.

"गाडीची मूळ किंमत."

शेठचा हात दगडासारखा निश्चल.

"विमा."

एक बोट किंचित आखडले. जोतिरामने वर पाहिले. शेठ तसाच हसत होता.

"विमा मी बाहेरून काढीन," जोतिराम म्हणाला.

"कर्ज."

मनगटाची शीर उडू लागली. ते व्याजही बँकेत विचारून बघीन, असे जोतिरामने सांगितले.

"हँडलिंग."

तळहाताला दरदरून घाम सुटला. वर तोच प्रसन्न चेहरा, आवाजात तोच गोडवा. आणि खाली, त्या चेहऱ्याशी काहीही संबंध नसल्यासारखा, कोपऱ्यात कोंडलेल्या जनावरागत धडधडणारा हात. जोतिरामला वाटले, आपण ह्या माणसाचा हात धरलेलाच नाही. उपरण्याखालून कुणी दुसराच आपल्याशी बोलतो आहे.

"हँडलिंग म्हणजे काय हो, शेठ?"

"ते... ते काढून टाकू."

बाबी एकामागून एक गळत गेल्या. मग जोतिरामने बोटे दाबून मूळ किमतीतूनही कमी मागितले. हात थरथरला, पण 'हो' म्हणाला. आणखी कमी मागितले, पुन्हा 'हो'. जोतिरामला चव लागली. त्याने आणखी एक बोट दाबले.

शेठचा हात एकाएकी गार पडला. थरथर नाही, घाम नाही, शिरेची धडधडही नाही. प्रेताचा हात धरावा तसा. शेठ मात्र हसतच होता. त्याच क्षणी उपरण्याखाली तिसऱ्या हाताने जोतिरामचे मनगट घट्ट पकडले.

"पुरे," म्हातारा म्हणाला. "एक बोट वर घे."

जोतिरामने घेतले. हळूहळू त्या हातात ऊब परतली. सौदा त्याच्या मनातल्या आकड्याहून इतका खाली झाला, की वर्षभराच्या टायरांची काळजी मिटली.

बाहेर आल्यावर तो कुरकुरला, "आबा, आणखी उतरला असता."

"उतरला असता. घाम होता तोवर त्याचा नफा होता. तो मागायचा तुला हक्क. गार पडला, तिथं त्याचं घर सुरू होतं. तिथं शिरलास, तर आज हसून देईल आणि पहिल्या सर्व्हिसिंगला तुझ्या इंजिनातून काढून घेईल. नफा सगळेच ठेवतात. तो कुठवर आहे ते ओळखावं, आणि थोडा त्याच्यापाशी राहू द्यावा."

नवरात्रात ट्रक आला. जोतिराम तो घेऊन थेट माळावर गेला आणि भरल्या डोळ्यांनी त्याने म्हाताऱ्याचे हात धरायला हात पुढे केले. म्हाताऱ्याने आपले दोन्ही हात चटकन उपरण्यात ओढून घेतले.

"पाया पड हवं तर. हात नको धरूस."

"का, आबा?"

"त्या शेठनं मागनं मला काही दिलं का, ते विचारायचं तर तोंडानं विचार."

जोतिरामने त्या झाकलेल्या हातांकडे एकदा पाहिले. मग काही न विचारता वाकला आणि लांबूनच नमस्कार करून निघाला.

घरी बायको ओवाळायला दारात उभी होती. ओवाळून झाल्यावर तिने हसत किल्लीसाठी हात पुढे केला. जोतिरामही हसला, आणि तिच्या हाताला हात लागू न देता त्याने किल्ली कोनाड्यात ठेवली.